पहिला संगणक स्वतः जुळवायचा आहे : ५० हजारांत सुटे भाग कोणते घ्यावेत?

ताणाबाणा, सोलापूर

नमस्कार. अशोक चौकाच्या बाजूला आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे आणि घर त्याच्याच वरच्या मजल्यावर आहे. जकार्डच्या (मागावर विणून उठवायच्या) नक्षीचे काम आजवर आम्ही बाहेरून करून घेत होतो. आता ते मी स्वतः शिकलो आहे, आणि धाकटी बहीण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असल्याने तिलाही टॅलीसाठी व अभ्यासासाठी संगणक हवा आहे. तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग आणून घरीच जुळवावा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. मॉनिटर आणि यूपीएस धरून ५० हजारांच्या वर जाता येणार नाही, कारण बाकीचा पैसा सुताच्या बिलांत अडकलेला आहे.

एका दुकानातून भावाची चिठ्ठी करून आणली. तीवर लिहिले आहे : आय-५ प्रोसेसर, नवा बोर्ड (मदरबोर्ड), ८ जीबी रॅम, जीटी ७१० हे २ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबी हार्ड डिस्क, गेमिंग कॅबिनेट ५०० वॅट एसएमपीएससह (म्हणजे भागांना वीज पुरवणारा डबा). नक्षीच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागतेच, असे दुकानदारांनी आवर्जून सांगितले. जाणकारांनी ही यादी पाहून कृपया मत द्यावे.

जुळे सोलापूरकर

तुमच्या चिठ्ठीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीवर लिहिलेलीच नाही, ती म्हणजे प्रोसेसरची पिढी. "आय-५" हे नाव इंटेल अनेक वर्षे वापरत आली आहे. त्यामुळे नुसते आय-५ म्हणणे म्हणजे पेठेत जाऊन नुसते "सूत द्या" म्हणण्यासारखे आहे, काउंट (सुताची जाडी-बारीकी) कोण सांगणार? नावापुढच्या आकड्यावरून पिढी कळते. ३४७० असेल तर ती तिसरी पिढी, म्हणजे २०१२ सालचा माल. १२१०० असेल तर बारावी, म्हणजे २०२२ ची. जुन्या कार्यालयीन संगणकांतून काढलेले तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर नव्या कोऱ्या बोर्डावर बसवून विकण्याची पद्धत सर्रास आहे. बोर्ड खरोखरच नवा असतो, त्यामुळे दुकानदार खोटे बोलतो असेही म्हणता येत नाही. रॅम डीडीआर-३ या जुन्या प्रकारची असेल तर हाच प्रकार आहे, असे समजावे. असा संगणक टॅली चालवील. पण विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सुरक्षेची अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला आहे.

ग्राफिक्स कार्डाविषयी. जकार्डची नक्षी म्हणजे चौकटीचा कागद; एक उभी रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, एक आडवी रांग म्हणजे बाण्याचा एक धागा, आणि रंग मोजकेच. हे सपाट चित्राचे काम आहे, त्यात त्रिमितीय काहीच नाही. प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स त्याला पुरून उरते. जीटी ७१० तर इतके जुने आणि दुबळे आहे की, एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सपुढेही ते मागे पडते. त्या कार्डाचे पैसे वाचवा.

मी तुमच्या जागी असतो तर आय-३ १२१०० आणि एच-६१० चा साधा बोर्ड घेतला असता. "आय-५ सोडून आय-३ घेतला" असे ऐकून घरचे नाराज होतील, हे मला ठाऊक आहे. पण या आय-३ मध्ये चार गाभे (कोअर) व आठ धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामे) आहेत, आणि तो त्या जुन्या आय-५ ला सहज मागे टाकतो. शिवाय याच बोर्डावर पुढे बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बसवता येतो. मात्र बिल करताना १२१००एफ तर देत नाहीत ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. तो थोडा स्वस्त असतो, परंतु त्या एफचा अर्थ अंगभूत ग्राफिक्स नाही असा आहे, आणि मग बोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर लावून तुम्ही रात्रभर काळा पडदा पाहत बसाल. रायझनमध्ये नेमके उलटे आहे : ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही.

रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, असा सल्ला सगळीकडे मिळेल आणि खेळ खेळणाऱ्यांसाठी तो योग्यच आहे, कारण अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा घेते आणि दोन पट्ट्यांमुळे तो मार्ग रुंद होतो. तुमचे काम तसे नाही. स्वस्त बोर्डावर खाचा दोनच असतात, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भलतेच चढले आहेत. म्हणून डीडीआर-४ ची १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवावी, असे माझे मत आहे. हार्ड डिस्कऐवजी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली, बोर्डावर थेट बसणारी वेगवान साठवण) घ्या. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, तर साधारण एनव्हीएमई दोन-तीन हजार एमबी वाचते. संगणक "नवा" वाटतो तो मुख्यतः यामुळेच.

विद्युत विभागातला निवृत्त

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त चिठ्ठीतील शेवटच्या ओळीवर बोलतो, कारण घात तिथे आहे. कॅबिनेटबरोबर "फुकट" येणारा एसएमपीएस कधीही वापरू नये. माझ्या मुलासाठी आणलेल्या अशाच एका कॅबिनेटच्या एसएमपीएसवर ५०० वॅट हे आकडे ठसठशीत छापलेले होते; खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले होते. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. आजच्या संगणकाचे बहुतेक ओझे या १२ व्होल्टवरच असते, म्हणजे तो डबा नावाचा पाचशेचा आणि कामाचा दोनशेचा होता. सव्वा वर्षात तो गेला आणि जाताना बोर्डही घेऊन गेला. तुमच्या संगणकाला ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज वाया न घालवण्याचे) प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस भरपूर झाला. दुकानातच खोका उघडून तो तक्ता वाचा, त्यात संकोच करू नका.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. खाली माग चालू-बंद होत असतात, त्याच जोडणीवरून वर संगणक चालवणार असाल तर आधी वायरमनकडून भिंतीच्या पॉइंटवर मल्टीमीटर लावून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसले, तर आधी ते काम करून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येणे हे "असतेच थोडेफार" म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरेल. तो बहुधा ३६० वॅटचा असतो आणि तुमचा संगणक मॉनिटरसह त्याच्या निम्म्यातच भागेल. वीज गेल्यावर नक्षी जतन करून संगणक बंद करण्याइतकी मिनिटे मिळाली की त्याचे काम झाले.

आणि सुताची लव! मागाच्या घरात ती जिन्याने वर येतेच. पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पन्हाळ्यांत तिचा नमद्यासारखा थर बसतो, हवा अडते, आणि मे महिन्यात खोलीतच ४२-४३ अंश असताना प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करू लागतो. पुढे काच असलेले दिव्यांचे कॅबिनेट घेऊ नका. पुढच्या बाजूला जाळी आणि ती काढून धुता येईल असे घ्या. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. पंधरवड्याला मऊ ब्रशने साफ करा आणि हवेचा फवारा मारणार असाल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा.

वापरलेलेच बरे

थोडा वेगळा विचार मांडतो. कंपन्यांनी काढून टाकलेले आठव्या पिढीचे आय-५ संगणक निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. आय-५ ८५०० मध्ये सहा गाभे आहेत, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी बसते. पैसा सुतात अडकलेला असताना ५० हजार घालावेतच का?

जुळे सोलापूरकर

मुद्दा रास्त आहे आणि केवळ टॅलीसाठी असते तर मीही तेच सुचवले असते. अडचण अशी की, त्या संगणकांचे एसएमपीएस आणि बोर्ड बहुधा कंपनीच्या खास मापाचे असतात; एखादा गेला की पेठेत मिळत नाही, पुण्याहून मागवून वाट पाहावी लागते. ज्यांचा धंदा त्या संगणकावर आहे त्यांना तो आठवडा परवडत नाही. ताणाबाणा यांना आणखी एक सांगायचे राहिले : नक्षीचे सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेणार त्यांना आधी विचारा की, त्यांची डाँगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबीत लावायची किल्ली) विंडोज ११ वर चालते का. तिथे नकार आला, तर वरची सगळी चर्चा नव्याने करावी लागेल.

ताणाबाणा, सोलापूर

सर्वांचे आभार. डाँगल विंडोज ११ वर चालते, असे सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितले. चिठ्ठी घेऊन पुन्हा त्या दुकानात गेलो आणि पिढी विचारली. बराच वेळ "चांगलाच आहे" असे ऐकल्यावर ३४७० असल्याचे कळले. मग दुसरीकडून १२१००, एच-६१० बोर्ड, एक पट्टी १६ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई, ४५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस आणि जाळीचे कॅबिनेट घेतले. एसएमपीएसच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर ३६ अँपिअर लिहिलेले पाहूनच पैसे दिले. मॉनिटर व यूपीएससह ४९ हजार २०० झाले.

जुळवायला एक दुपार लागली. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पंखे फिरले, दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. मी तासभर रॅमची पट्टी काढत-घालत बसलो होतो. शेवटी बहिणीने विचारले की, बोर्डाच्या मागे चार-चार पिनांची ही जोडी मोकळी का लोंबते आहे? प्रोसेसरला वीज देणारी ती तार मी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लावायचीच विसरलो होतो.

आज नववा दिवस आहे. वायरमनने नवीन अर्थिंग करून दिले. न्यूट्रल आणि अर्थमध्ये आधी ११ व्होल्ट दाखवत होते, आता दीड दाखवते. जाळीवर पांढरी लव आताच दिसू लागली आहे, त्यामुळे पंधरवड्याऐवजी दर रविवारी, माग बंद असताना, ती धुवायचे ठरवले आहे.