कमरेचं पिस्तूल: भीती की मिजास?

बालाघाटचा
मागच्या उन्हाळ्यात अंबाजोगाईजवळ एका लग्नाला गेलो होतो. वरात पारापाशी आली, डीजे थांबला आणि नवरदेवाच्या चुलत्याने कमरेचं पिस्तूल काढून हवेत दोन बार उडवले. बायकांनी कानांवर हात ठेवले, पोरं पुंगळ्या वेचायला पळाली. सात-आठ वर्षांच्या एकाने गरम पुंगळी शर्टाच्या टोकात धरली होती, दुसऱ्याला वास घ्यायला देत होता. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. शेजारचे गुरुजी एवढंच म्हणाले, "वर लायटीची वायर आहे रे."

2019 च्या दुरुस्तीपासून असा आनंदाचा गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चुलत्याला हे माहीत असणार, परवान्याचा माणूस आहे.

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्यानंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. पुढे शंभराहून जास्त रद्दही झाले. अर्जातलं ठरलेलं कारण 'जीवितास धोका'. माझं म्हणणं असं, की धोका थोडा आणि मिजास फार. आमच्या आजोबांच्या काळी माणसाची पत विहिरीला पाणी किती, बैल कसे, पोरं काय शिकली यावर ठरायची. आता पैसा वाळूचा, वीज केंद्राच्या राखेचा, प्लॉटिंगचा. तो कसा आला हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, म्हणून त्याला मान मिळत नाही. मग मान कमरेला लावून फिरावं लागतं. माझ्या भाच्याने परवा पिस्तूल हातात घेतलेला फोटो स्टेटसला ठेवला. वय 22, धंदा काही नाही.

सडेतोड
कीर्तन छान झालं. पण सरपंचांना मारलं ते बंदुकीने नाही. पाइप आणि वायर पुरली. तेव्हा परवाने मोजून क्रौर्य मोजता येत नाही.

आणि उलट बाजूनेही बघा. फेब्रुवारी 2024 चा पहिला आठवडा आठवतो? 2 तारखेला उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, जमिनीच्या वादातून एका आमदाराने गोळीबार केला. 8 तारखेला दहिसरमध्ये फेसबुक लाइव्ह चालू असताना माजी नगरसेवकाला मारलं, मारणाऱ्याने स्वतःलाही संपवलं. ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं. या माणसांची नीतिमत्ता बीडच्या माणसापेक्षा वेगळी होती का? राग सगळ्यांनाच येतो. रागाच्या वेळी हाताशी काय आहे, एवढाच प्रश्न आहे. मुठी असल्या तर दात पडतो.

काजूबी
सडेतोड, मग आमच्या सिंधुदुर्गात रोज मुडदे पडायला हवे होते. वाडीवाडीत शेतीसंरक्षणाच्या बंदुका आहेत. आमच्या घरात ठासणीची बंदूक माळ्यावर असते. रानडुक्कर नाचणीत शिरलं की उतरते, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर आणायला जायचा कंटाळा म्हणून महिना-महिना तिथेच पडून राहते. ती घेऊन लग्नाला गेलो तर लोक म्हणतील, ह्याका येड लागला.

आमच्याकडे भांडणं होत नाहीत असं समजू नका. बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात आहेत. पण बंदूक म्हणजे कोयता-कुदळीसारखं अवजार, दागिना नव्हे.

सडेतोड
ठासणीची बंदूक भरायला दारू, चिंध्या, छर्रे, गज असा सगळा सरंजाम लागतो. तोवर राग निवतो, समोरचा घरी जाऊन जेवतो. पिस्तूल एका सेकंदात निघतं. तुम्ही माझाच मुद्दा सांगताय. आणि डुक्कर समजून बरोबरच्याच माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या कोकणातूनच येतात, त्या सोयीने विसरलात.

काजूबी
त्या येतात, कबूल. आमच्या पलीकडच्या गावातही झालंय. पण तो अपघात, किंवा चोरून शिकारीची हौस. दहशत नाही. आणि फक्त ठासणीचंच म्हणाल तर कर्नाटकातलं कोडगू बघा. कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे, अजूनही चालू आहे. कैलपोळ्दु सणाला ते घरातल्या बंदुका फुलं वाहून पुजतात. बंदूक इतकी हाताशी असूनही गुंडगिरीसाठी कोडगूचं नाव कोणी घेत नाही. मग फरक कशाने पडला?

मीनल ह्यूस्टन
वीस वर्षं टेक्सासात आहे, म्हणून बोलते. इथे अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, शंभर माणसांमागे सुमारे 120. प्रत्येक मोठ्या गोळीबारानंतर टीव्हीवर हाच वाद रंगतो: एक म्हणतो बंदुका, दुसरा म्हणतो मोडलेली कुटुंबं, व्हिडिओ गेम, देवाचा विसर. गेम जपानमध्येही खेळतात हो. देव न मानणारे युरोपात इथल्यापेक्षा जास्त सापडतील.

पण दोघेही एक गोष्ट बोलत नाहीत. इथे गोळीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक आत्महत्या करणारे असतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा, बायको गेल्यावर सहा महिन्यांनी. दर रविवारी आम्हाला अंजीर आणून द्यायचे. घरात पिस्तूल नसतं तर कदाचित त्या रात्री ते निभावून नेते. या मरणात मिजास नाही, दहशत नाही, टोळी नाही. माझ्या मुलीच्या मैत्रिणीकडे पहिल्यांदा खेळायला पाठवताना मी विचारते, "घरात कुत्रा आहे का, स्विमिंग पूल आहे का, बंदूक आहे का, कुलपात आहे का?" पहिल्यांदा विचारताना जीभ जड झाली होती.

म्हणून मला सडेतोड यांचं जास्त पटतं. मनं कधी सुधारायची ती सुधारोत, आधी कुलूप लावा.

तिफण
इथे सगळे मिजास-मिजास करताय, मी भीतीच्या बाजूने बोलतो. आमची चार एकर रस्त्याला लागून. रस्ता चौपदरी होणार म्हटल्यावर एक दिवस सकाळी परक्या माणसांनी तारेचं कुंपण घातलं. तक्रार द्यायला गेलो तर "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" म्हणून एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर भागवलं. कोर्टात तारीख पे तारीख. रात्री दारावर दगड. वडिलांनी परवान्यासाठी अर्ज केला तो नामंजूर झाला, आणि कुंपण घालणाऱ्याच्या कमरेला मात्र परवान्याचं पिस्तूल. आता सांगा, आम्ही अर्ज केला ती मिजास होती का?

जिथे कायदा वेळेवर येत नाही तिथे माणूस स्वतःचा कायदा विकत घेतो. त्यात जात घुसली की संपलंच. बीडमध्ये पोलिसांनी एकमेकांना आडनावाने नव्हे तर पहिल्या नावाने हाक मारावी, असा आदेश एसपींना काढावा लागला, यातच सगळं आलं. आडनाव बघून तक्रार घेतली जाते असं लोकांना वाटायला लागलं, की कोणता सप्ताह बसवून बंदुका कमी होणार?

निवृत्त खाकी
तिफण, तुमचं दुखणं खरं आहे. मी असे बरेच अर्ज हाताळलेत. ठाण्याचा अहवाल वर जातो, कलेक्टर किंवा आयुक्त निर्णय देतात. प्रतिकूल अहवाल देऊनही परवाना झालेला मी पाहिलाय. फोन कोणाचा आला असेल ते विचारू नका.

धोका खरा की मिजास, हे आचारसंहितेत शस्त्र जमा करताना कळतं. खरा घाबरलेला माणूस स्वतः येतो, सूट मिळेल का म्हणून गयावया करतो, पावती दोनदा वाचतो. मिजासवाला ड्रायव्हरच्या हाती साड्यांच्या दुकानाच्या पिशवीतून रिव्हॉल्व्हर पाठवतो. मी परत धाडायचो, मालकाला घेऊन ये म्हणून.

मूळ धाग्यातल्या वरातीबद्दल माझी एकच सूचना. नवी काडतुसं देताना जुन्या पुंगळ्या मोजून घ्या आणि कुठे उडवल्या ते लिहून घ्या. तुमच्या लग्नातली पोरं वेचतात त्याच पुंगळ्या.

आणि परवान्यांवरच सगळी चर्चा नको. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीत उमर्टी आहे. तिथले शिकलगार पिढ्यानपिढ्या शस्त्रं घडवणारे. हातात कसब आहे, त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. भट्टी मोडता येते, कारागिराच्या हाताला काम कोण देणार?

सडेतोड
हे पटलं. विशेषतः पुंगळ्यांचं. बाकी काजूबींच्या कोडगूला माझ्याकडे अजून उत्तर नाही, शोधतो.

बालाघाटचा
तिफण, तुमच्या वडिलांच्या अर्जाला मी मिजास म्हणणार नाही. माझं वाक्य सरसकट झालं.

काल भाच्याला फोन केला. म्हणाला, "मामा, ते लायटर आहे, अडीचशे रुपयाचं." काढून टाक म्हटलं. तर म्हणतो, "हा फोटो ठेवल्यापासून पतसंस्थेत गेलो की खुर्ची देतात."

निवृत्त खाकी
तरी आजच काढायला लावा. ते लायटर आहे हे तुम्हाला माहीत, बीटवरच्या पोराला नाही. तो आधी उचलून आणेल, मग पेटवून बघेल.