अनुभव धागा: सोलापूरच्या आडरस्त्यांवर बिनघाईचे दोन दिवस

माहेरवाशीण: माहेर सोलापूर, मुक्काम पुणे. वीस वर्षं हायवेनं आले, हायवेनं गेले. भिगवणला चहा घेतला की झाला प्रवास. या डिसेंबरात भावाची स्कूटर मागून घेतली आणि ठरवलं, दोन दिवस मोठ्या रस्त्याला चाक लावायचं नाही. एका गावात नेमका बाजाराचा दिवस निघाला. एक मावशी पोत्यावर माळव्याचे, म्हणजे भाजीचे, वाटे मांडून बसलेल्या. वांगी मागितली तर म्हणाल्या, "भरायला का भाजायला?" आणि त्यांनीच निवडून दिली. पुण्यात आजवर मला हे कुणी विचारलेलं नाही. तुमचंही लिहा. यादी नको, स्वतः गेलेलं सांगा.

भीमाकाठ: हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. विजापूर रोड सोडून आत वळलं की कडेला ऊस आणि समोरून डबल ट्रॉली, निम्मा वेळ साइडपट्टीवर थांबण्यात जातो. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. 'वाछि तो विजेया होइवा', वाचील तो विजयी होईल. मान वर करून दहा मिनिटं उभा होतो, अक्षर लागेना. शेवटी एक शाळकरी पोरगं म्हणालं, "काका, तिकडं न्हाई, हिकडं बघा." भलत्याच तुळईवर विजय शोधत होतो.

एमएच १३: जे काय हिंडायचं ते फेब्रुवारीच्या आत उरका बे. एप्रिलात सोलापुरात 'निवांत भटकंती' म्हणणाऱ्याला आपला नमस्कार.

जावईबापू: सांगोल्याचा जनावरांचा बाजार, रविवारी. मी बँकेतला माणूस, घ्यायचं काही नव्हतं, सासऱ्यांच्या मागं गेलो. त्यांच्या मनात एक खिल्लार खोंड भरला. आधी चालवून बघितला, मग जबडा उघडून दात मोजले. "दुसा हाय." (दोन दात आलेला. आदत म्हणजे अजून दुधाचे दात. हे मला तिथं कळलं.) मग व्यापाऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि दोघांचे हात त्याखाली गेले. बोटं दाबून भाव, तोंडातून चकार शब्द नाही. मध्येच व्यापारी हात झटकून चार पावलं चालू लागे, परत येई. असं तीनदा. न राहवून विचारलं, "मामा, किती म्हणाला?" "सांगायचंच असतं तर टॉवेल कशाला घेतला असता, जावईबापू?" खोंड काही जमला नाही. भजी खाऊन परत आलो.

पीठगिरणी: मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून रस्त्याकडेची प्रत्येक ज्वारी 'मंगळवेढ्याचीच'! एकदा अख्खं पोतं घेतलं. वर टपोरा मोतीदाणा, वीतभर खाली किडका. आता कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढते आणि दाणा दाताखाली फोडून बघते. विकणारा तोंड वाकडं करतो, करू दे. त्याच रस्त्यावर एका आजीकडून शेंगाचटणी घेतली होती. उखळात कुटलेली, हाताला तेल सुटत होतं. ती मात्र न बघता घेतली.

माळरान: नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य. माळढोक दिसला नाही, हे आधीच सांगतो. काळविटांचा कळप दिसला. येताना ओळखीच्या शेतात हुरड्याला थांबलो. आगटीतलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, गरम आहे तोवर तोंडात टाकायचं. मी शहरी, पहिलंच कणीस चोळताना हात पोळले. नंतर सगळे चोळून देत होते, मी नुसता खात होतो.

माहेरवाशीण: पीठगिरणीताई, तळाची मूठ लक्षात ठेवली. जावईबापू, या रविवारी सांगोल्याला जाते आहे. टॉवेल घरून नेऊ का?

जावईबापू: न्या की. भजी खाल्ल्यावर हात पुसायला लागतो.