घसा धरून गेल्यावर वर्षानुवर्षे पेनिसिलिनची इंजेक्शने कशासाठी?

प्रश्न (एक पालक, सातारा जिल्हा)

माझी मुलगी 11 वर्षांची आहे. पावसाळ्यात तिचा घसा धरला, ताप आला आणि गुळण्या व तापाच्या गोळीवर तो उतरलाही. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट असे सांधे पाळीपाळीने सुजू लागले. एक सांधा मोकळा झाला की दुसरा धरायचा. रक्तात एएसओचे (नुकत्याच झालेल्या स्ट्रेप जंतूंच्या संसर्गाची खूण) प्रमाण वाढलेले निघाले आणि टू-डी इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेतून थोडी गळती दिसली. ऱ्हुमॅटिक तापाचे निदान करून डॉक्टरांनी दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले आहे, तेही बरीच वर्षे. गेल्या वर्षी तिच्या मांडीवर मोठे गळू झाले होते. ते स्टॅफ जंतूंचे होते. चिरा देऊन पू काढला आणि थोड्याच दिवसांत जखम भरली. मग घशातील स्ट्रेप जंतूंसाठी एवढे दीर्घ उपचार का लागतात? आता ती व्यवस्थित खेळते, त्यामुळे आजी-आजोबा विचारतात की पोरीला सारख्या सुया कशाला टोचायच्या.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)

स्टॅफ बहुधा जिथे शिरतो तिथेच पू करतो. निरोगी माणसांच्या नाकातही तो वस्तीला असतो. तो रक्तात उतरला तर हाडे, फुप्फुसे आणि हृदयाच्या झडपाही सडवू शकतो, म्हणून त्याला किरकोळ समजू नये. पण त्याचे नुकसान तो स्वतः हजर असताना होते. अ गटातील स्ट्रेपची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या आवरणातील काही प्रथिनांची ठेवण आपल्या हृदयातील आणि सांध्यांतील प्रथिनांशी मिळतीजुळती असते, त्यामुळे काही मुलांच्या शरीरात जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती, जंतू घशातून नाहीसे झाल्यावर, स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटते; हाच ऱ्हुमॅटिक ताप. म्हणूनच घसादुखी आणि सांधेदुखी यांच्यामध्ये दोन-तीन आठवडे जातात.

सांध्यांची सूज मागे काही न ठेवता जाते, झडपेची मात्र जाईलच असे नाही. पुढच्या प्रत्येक स्ट्रेप संसर्गाने हा हल्ला पुन्हा होऊ शकतो, आणि दर वेळी झडपेवर नवा व्रण पडून ती आखडत किंवा गळत जाते. आपल्या मुलीचे इंजेक्शन झालेली इजा भरून काढण्यासाठी नसून पुढचा संसर्ग घशात रुजूच नये यासाठी आहे. ती खेळते आहे याचा अर्थ ते आपले काम करीत आहे. झडपेला कायमची इजा राहिली असेल तर ते किमान 10 वर्षे, आणि पुष्कळदा वयाच्या चाळिशीपर्यंत चालू ठेवतात; झडप पूर्ववत झाली तर हा काळ कमी होतो. तो दर वर्षीच्या इकोवरून आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायचा. एक दिलासा असा की बहुतेक स्टॅफ जंतूंवर साध्या पेनिसिलिनचा परिणाम होईनासा झाला असला, तरी अ गटाचा स्ट्रेप आजही त्याला बधतो.

उत्तर (परिचारिका, शासकीय रुग्णालय)

मुले या इंजेक्शनला घाबरतात, आणि ते खरेच दुखते. पांढरी भुकटी पाण्यात मिसळल्यावर दाट, दुधट द्रव होतो. तो नीट हलवला नाही तर सुईतच अडकतो. म्हणून आम्ही जाड सुई वापरतो, औषध स्नायूत खोलवर आणि सावकाश सोडतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बधिरतेचे औषध मिसळल्यास वेदना बरीच कमी होते. चौथ्या आठवड्यात औषधाचे रक्तातील प्रमाण घसरते, म्हणून 21 दिवसांची तारीख सणावारामुळे किंवा परीक्षेमुळे पुढे ढकलू नका. दोन-चार दिवस आधी घेतलेले चालते. ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया क्वचित येते, तरीही तिच्यावर उपचाराची सोय असलेल्या ठिकाणीच ते घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

उत्तर (एक वाचक, नागपूर)

माझ्या थोरल्या बहिणीची ही इंजेक्शने तिचे लग्न ठरताच बंद झाली, कारण सासरी हृदयाचा आजार कळू नये असे घरच्यांना वाटले. पहिल्या बाळंतपणात सातव्या महिन्यात तिला उशीवर पाठ टेकून बसल्याशिवाय श्वास घेता येईना. तपासणीत मायट्रल झडप अतिशय अरुंद झालेली आढळली, आणि गरोदरपणातच मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करावी लागली. दोघेही सुखरूप आहेत. पेनिसिलिन गरोदरपणात सुरक्षित असते, हे तिला तेव्हा कोणी सांगितलेच नाही. मुलीच्या आजाराची माहिती दडवून तिचा जीव पणाला लावणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. आपण तिची इको आणि इंजेक्शनांची नोंदवही तिच्याच नावाने जपून ठेवा, आणि ती मोठी झाली की तिच्या हाती द्या.

प्रश्नकर्त्या पालकांचा पुढील प्रश्न

धाकट्या मुलाचाही घसा वारंवार धरतो. त्याचे काय करावे?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)

नाक वाहणे आणि खोकला सोबत असेल तर कारण बहुधा विषाणू असते आणि प्रतिजैविक लागत नाही. अचानक ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि गळ्यात दुखऱ्या गाठी असतील व खोकला नसेल, तर त्याच दिवशी दाखवा आणि घरात ऱ्हुमॅटिक तापाचा रुग्ण आहे हे आवर्जून सांगा. स्ट्रेप निघाल्यास तोंडाने घ्यायचे पेनिसिलिन पूर्ण 10 दिवस द्यावे लागते. घसा दुखू लागल्यापासून 9 दिवसांच्या आत उपचार सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक ताप टळतो, म्हणून दोन-तीन दिवस उशीर झाला तरी दाखवणे टाळू नका. घसादुखीनंतर किंवा त्वचेवरील फोडांनंतर काही आठवड्यांत चेहरा सुजला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडांना सूज आलेली असू शकते. अशा वेळी लघवीची तपासणी आणि रक्तदाब त्याच दिवशी पाहून घ्या.