जुनी विंचेस्टर ७० की नवी टिक्का? बोल्ट ॲक्शनची क्वालिटी नक्की कशात असते

बर्फाळ_विस्कॉन्सिन:
मंडळी, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार जवळ आला, म्हणजे आमच्याकडे हरणांचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होणार आणि नव्याने लायसन्स काढलेले दोनचार मराठी मित्र विचारणार की रायफल कुठली घेऊ. तर मी माझं मत आधीच टाकून ठेवतो. १९६४ च्या आधीची विंचेस्टर मॉडेल ७० म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू असं जे चाललंय ना ते आता पुरे. फिनलंडची टिक्का टी३एक्स दुकानातून कोरी आणा, बरीशी स्कोप लावा, १०० यार्डावर तीन गोळ्या इंचभर जागेत टाकेल अशी कंपनीच गॅरंटी देते, आणि टाकते राव. बोल्ट, म्हणजे दर गोळीला हाताने मागेपुढे करायचा दांडा, लोण्यासारखा सरकतो, ट्रिगर हलका करायला गनस्मिथकडे जावं लागत नाही. जुन्या ७० साठी लोक याच्यापेक्षा जास्त पैसे मोजतात, ते कशासाठी? अक्रोडाच्या लाकडासाठी?

जुनं_ते_सोनं:
आलं का हे परत. कागदाला भोकं पाडायची असली तर टिक्का घ्या, कोण अडवतंय. पण रायफलीची क्वालिटी म्हणजे नुसता ग्रुप, गोळ्यांची भोकं किती जवळजवळ पडली तेवढंच, का हो? मॉडेल ७० आली १९३६ ला, तिच्यात माउझर ९८ या जर्मन फौजी रायफलीसारखा मोठा क्लॉ एक्स्ट्रॅक्टर आहे, म्हणजे काडतूस पकडून बाहेर ओढणारं नख. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड त्या नखात अडकते आणि चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या काडतुसाच्या जागेत, जाईपर्यंत सुटत नाही, रायफल तिरकी धरा नाहीतर उलटी धरा. तुमच्या टिक्का, रेमिंग्टन ७०० या सगळ्या पुश फीड, म्हणजे बोल्ट काडतुसाला मागून नुसता ढकलत नेतो आणि पकड बसते ती बोल्ट बंद होताना अगदी शेवटी. आता समोर जनावर आहे, हात थरथरतोय, तुम्ही बोल्ट पूर्ण न लावता परत मागे ओढला, की पहिलं काडतूस आतच राहिलं आणि दुसरं जाऊन त्याच्या बुडावर आदळलं. बसा मग उपसत. आफ्रिकेत रानम्हशीच्या मागे जाणारे आजही क्लॉवालीच मागतात ते काय हौस म्हणून? चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये कॉर्बेटला लेफ्टनंट गव्हर्नर ह्युएट साहेबाने .२७५ रिग्बी दिली, तीसुद्धा माउझरच्या ॲक्शनवरची, म्हणजे बोल्टची सगळी यंत्रणा माउझरचीच होती.

लेथवाला:
माझं पोट टूलिंगवर आहे (आधी पिंपरी, आता मिशिगन) म्हणून बोलतो. सोनंसाहेब फीडिंगबद्दल बरोबर आहेत, पण माउझर आणि जुनी ७० यांना एका माळेत ओवू नका. माउझर ९८ ची खरी कमाल म्हणजे काडतुसाची पितळी नळी, म्हणजे केस, फुटली तर गॅस कुठून बाहेर काढायचा याचा केलेला विचार. बोल्टला भोकं आहेत, डाव्या बाजूच्या खाचेतून गॅस निघून जातो, मागे रुंद कॉलर आहे म्हणून तो नेमबाजाच्या डोळ्यात येत नाही, शिवाय मागे तिसरा सेफ्टी लग, म्हणजे बोल्टला जागी अडकवून ठेवणारा जास्तीचा दात, आहे. जुन्या ७० मध्ये यातलं बरंच गाळलंय, बॅरलच्या मागच्या टोकाला फनेलसारखा उतार दिलाय म्हणून फीडिंग सुंदर झालं पण केसचं बूड तेवढं उघडं राहतं. रेमिंग्टन ७०० (१९६२) याच्या बरोबर उलट, बोल्टच्या तोंडाची कड, तिच्याभोवती बॅरल, त्याच्याभोवती रिसीव्हर (बोल्ट बसतो तो सांगाडा), तिहेरी कडं, गॅस अडवायला फार पक्की, पण एक्स्ट्रॅक्टर म्हणाल तर आत बसवलेली पत्र्याची छोटीशी पट्टी. म्हणजे एकीचं हे चांगलं, दुसरीचं ते.

आणि १९६४ ला विंचेस्टरने बदल केला तो हौसेने नाही. फोर्जिंगमधून, म्हणजे ठोकून घडवलेल्या पोलादातून, रिसीव्हर कोरून काढायला मशीनवर तासन्‌तास जायचे आणि कारागिरांचा पगार वाढत चाललेला. ७०० चा रिसीव्हर गोल, सळईतून टर्न करून काढता येतो, मग किमतीत टिकणार कसं? म्हणून क्लॉ गेला, पुश फीड आलं, दस्त्यावरची हाताने कोरलेली नक्षी जाऊन ठसा मारलेली आली. लोक इतके चिडले की आजही सात लाखाच्या आतला सिरियल नंबर दिसला की किंमत चढते. नव्वदच्या दशकात कंपनीला क्लॉ परत आणावा लागला.

बर्फाळ_विस्कॉन्सिन:
म्हणजे माझाच मुद्दा झाला ना लेथवाले. जुनीत चांगलं होतं ते महाग मजुरीमुळे चांगलं होतं. आज कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आहे, कार्बाइड टूल आहे, बॅरल कोल्ड हॅमर फोर्ज करतात, म्हणजे मँड्रेलवर (आतल्या साच्याच्या सळईवर) नळी ठेवून बाहेरून हातोडे, आतल्या रायफलिंगसकट, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांसकट, बॅरल काही मिनिटांत तयार. रुगर अमेरिकन २०१२ ला आली तेव्हा छापील किंमत ४४९ डॉलर, आणि तिची बॅरलसुद्धा हॅमर फोर्ज्डच. अचूकता आता स्वस्त झालीय हे मान्य करायला त्रास का होतो कळत नाही. ते डबल फीडचं, म्हणजे दोन काडतुसं अडकण्याचं, म्हणाल तर बोल्ट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे न्यायचा, हे शिकवायला क्लॉ लागत नाही.

टेक्सासची_काकू:
तुम्ही सगळे उजवे दिसताय. मी डावखुरी आहे. १९६४ च्या आधी विंचेस्टरने कारखान्यातून डावखुरी मॉडेल ७० काढलीच नाही, त्यामुळे तुमचं ते सोनं माझ्यासाठी भिंतीवर टांगायचं. सॅव्हेज ११० ने डावखुऱ्यांचा विचार फार आधी केला, आणि दिसायला ती कितीही ओबडधोबड असो, बॅरलला नट आहे म्हणून घरच्या गॅरेजमध्ये माप तपासायचं गेज लावून बॅरल बदलता येते. आमच्याकडे रानडुकरं, खाजगी जमिनीवर २०१९ पासून त्यांच्यासाठी हंटिंग लायसन्ससुद्धा लागत नाही, एवढा सुळसुळाट आहे. एक डुक्कर कधी येत नाही, कळप येतो, त्यामुळे दुसरी गोळी किती पटकन जाते ते महत्त्वाचं.

आता बर्फाळभाऊंना एक सांगते. स्वस्त रायफलींचा दस्ता हातात घेऊन पुढून पिळून बघा. प्लास्टिक वाकतं. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) वजन टाकलं किंवा पट्टा दंडाला गुंडाळून ओढला की दस्ता बॅरलला टेकतो आणि गोळी भलतीकडे. बेंचवर वाळूच्या पिशवीवर ठेवून हे कधीच दिसत नाही, रानात दिसतं.

वऱ्हाडी_बोर:
तुमच्या डालराच्या गप्पा वाचून मजा येऊन राहिली बाप्पा. आमच्याकडे चॉइसच नाही. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद, पीक राखायले लायसन्स भेटलं तर भेटलं, आणि सेंटर फायर, म्हंजे बुडाच्या मधात ठोका बसणाऱ्या काडतुसाची रायफल, म्हटलं का बहुतेकाइच्या घरी ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५. ॲक्शन इंग्रज फौजेच्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली, काडतूस ८ बाय ५० चं कडवालं, कारण .३०३ मिलिटरीचं म्हणून सिव्हिलियनले नाही. लग मागच्या बाजूले म्हणून बोल्टचा फेरा आखूड अन् हात सपसप चालते. ग्रुप इंचात कोण मोजते इथं? पाऊस, चिखल, अन् वर्षभर कपाटात पडून असून उडाली पाहिजे, बस. ही बी क्वालिटीच आहे का नाही?

जुनं_ते_सोनं:
वऱ्हाडीभाऊ, तुम्ही माझ्या मनातलं बोललात! चिखल, बर्फ आणि निष्काळजीपणा सोसते ती रायफल. कॅनडाच्या उत्तरेतले रेंजर्स बघा, १९४७ पासून ली-एनफिल्ड वापरत होते, अस्वलांच्या मुलखात.

बर्फाळ_विस्कॉन्सिन:
हाहाहा, आणि ती बदलून काय घेतलं ते पण सांगा ना सोनंसाहेब. सी-१९. ती टिक्काच आहे! पुश फीड टिक्का, ध्रुवीय अस्वलांसाठी!

जुनं_ते_सोनं:
सरकारी टेंडरमधून खरेदी झाली म्हणजे ती उत्तम, हे लॉजिक मराठी माणसाने तरी मांडू नये. तिचा दस्ता जाडजूड लॅमिनेटचा (लाकडाचे थर चिकटवलेला) आहे, तुमच्या दुकानातल्या लाइट मॉडेलसारखा पोकळ वाजणारा नाही. आणि टिक्काची आणखी एक गोष्ट, .३०८ चं आखूड काडतूस असो की .३०-०६ चं लांब, ॲक्शन एकाच लांबीची. आखूड काडतुसासाठी मुद्दाम आखूड ॲक्शन बनवायचीच नाही, आतला बोल्ट स्टॉप बदलला की झालं. ही काटकसर चालते, फक्त १९६४ ला विंचेस्टरने केली की पाप, असं का? (बघा, मी विंचेस्टरची बाजू घेतोय असं वाटेल, पण पाप दोघांचंही आहे.)

लेथवाला:
ट्रिगरचं कोणीच बोललं नाही. ७०० जगात एवढी खपली, मिलिटरीने स्नायपर रायफली तिच्यावर बांधल्या, आणि तरी २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो ट्रिगरसाठी २००६ पासूनच्या रायफली परत मागवाव्या लागल्या, कारण ट्रिगर न दाबता गोळी सुटायची शक्यता होती. जुन्या ७० चा ट्रिगर उघडा, दोनतीन मोठे भाग, स्प्रिंग डोळ्याला दिसते, धूळ गेली तर फुंकर मारून निघते. याच्यात मी सोनंसाहेबांच्या बाजूने. नवीन घेताय तर सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते की काडतुसाच्या बुडावर टोला मारणारी फायरिंग पिनच धरून ठेवते हे दुकानदाराला विचारा, ग्रुपच्या आधी विचारा.

आणि बर्फाळभाऊ, ती तीन गोळ्यांची गॅरंटी घेऊन नाचू नका. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ बसतात. सलग दहा मारा, बॅरल गार होऊ देत देत, मग इंच सांगा.

बर्फाळ_विस्कॉन्सिन:
दहा मारून टाकतो इथे फोटो, चालेल. पण सोनंसाहेबांनी पण त्यांच्या ७० ने दहा मारायच्या, त्याच अंतरावर.

जुनं_ते_सोनं:
मारतो की. पण बेंचवर बसून नाही, उभ्याने, झाडाला टेकून, थंडीत हातमोजे घालून, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये पाच सेकंद.

टेक्सासची_काकू:
हे चालेल. मी डावखुरी सॅव्हेज घेऊन येते, फक्त थंडीचं तुमच्याकडे, आमच्याकडे नोव्हेंबरात घाम येतो.