डॅली एम २०२३: एका मतानं हुकलेला शॉन जॉन्सन आणि प्रशिक्षकाचं बक्षीस

माउंटस्मार्टचा_मावळा (ऑकलंड)

कॅलिन पोंगा ५६, शॉन जॉन्सन ५५. एका मतानं डॅली एम पदक पोंगाच्या न्यूकॅसल संघाला गेलं आणि मला ते अजून पचलेलं नाही.

रग्बी लीग न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: एनआरएलच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या क्लबांच्या रग्बी लीग स्पर्धेच्या) प्रत्येक साखळी सामन्यात परीक्षक सगळ्यात चांगल्या तिघांना ३, २, १ अशी मतं देतात. यंदापासून (२०२३) एका सामन्याला दोन परीक्षक आहेत, म्हणजे एका खेळाडूला जास्तीत जास्त ६. मोसमाची बेरीज करून सर्वोत्तम खेळाडू ठरतो. बाद फेरीचे सामने धरत नाहीत.

आता जॉन्सनचं बघा. वय ३३. २०२२ मध्ये क्रोनुलाहून आमच्या ऑकलंडच्या वॉरियर्सकडे परत आला तेव्हा "आता कशाला परत?" असं आमच्या इकडचेच लोक विचारत होते. यंदा वॉरियर्स १५ व्या स्थानावरून चौथे आले ते त्याच्या लाथेवर आणि पासवर. शेवटच्या साखळी फेरीत डॉल्फिन्सविरुद्ध कोचनं त्याला विश्रांती दिली. तो सामना खेळला असता तर दोन परीक्षकांपैकी एकानं तरी एखादं मत टाकलंच असतं. संघासाठी बाहेर बसला आणि पदक गेलं.

त्याची किंमत बाद फेरीत दिसली. पोटरीच्या दुखण्यामुळे तो नव्हता, तेव्हा पेनरिथनं आम्हाला ३२-६ नं धुतलं. पुढच्या आठवड्यात तो परत आला आणि आम्ही ४०-१० जिंकलो. कोणाविरुद्ध? पोंगाच्या न्यूकॅसलविरुद्ध.

प्रशिक्षकाचं बक्षीस मात्र योग्य माणसाला मिळालं. अँड्रू वेबस्टर, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. त्यावर कोणाचं दुमत असेल असं वाटत नाही.

हंटरकाठचा

मावळेभाऊ, तुम्हीच लिहिलंत की बाद फेरी धरत नाहीत, आणि दोन परिच्छेद खाली ४०-१० काढलंत. ठरवा एकदा काय ते.

पोंगाचा मोसम सुरू झाला कसा ते कोणी सांगत नाही. कोचनं त्याला फुलबॅकवरून (सगळ्यात मागची जागा) उचलून फाइव्ह-एट्थला (पुढे चाल रचणारी जागा) टाकलं. दुसऱ्याच फेरीत डोक्याला मार. आधीच्या वर्षीही डोक्याला मार बसला होता, त्यामुळे तपासणीसाठी थेट कॅनडा गाठावं लागलं. तेव्हा चर्चा पदकाची नव्हती, हा मुलगा पुन्हा खेळेल का याची होती. परत आला, फुलबॅकला गेला, आणि न्यूकॅसलनं साखळीतले शेवटचे नऊच्या नऊ सामने जिंकले.

इतके सामने बुडूनही ५६ मतं. जॉन्सनला एका सामन्याची विश्रांती मिळाली म्हणून गळा काढायचा, तर पोंगाच्या हुकलेल्या आठवड्यांचा हिशोब कोण करणार?

पेनरिथकर

"त्यावर कोणाचं दुमत असेल असं वाटत नाही." आहे ना! माझं आहे.

आमच्या कोचला, आयव्हन क्लिअरीला, हे बक्षीस मिळालं २०२० मध्ये, ज्या वर्षी पेनरिथ ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, हरलं. २०२२ ला विजेतेपद आमचं, बक्षीस काउबॉइजच्या टॉड पेटनला. २०२३ ला विजेतेपद आमचं, बक्षीस वेबस्टरला. हा पुरस्कार सर्वोत्तम प्रशिक्षकाचा नाहीच. "गेल्या वर्षी कोणाची सगळ्यात जास्त फजिती झाली होती" याचा आहे. १५ वे असाल तर वर यायला जागा असते. पहिल्या नंबरवाल्यानं कुठं चढायचं, गच्चीवर?

यंदा आयव्हनकडून काय काय गेलं ते बघा. खेळाडूंपैकी किकाऊ बुलडॉग्जकडे, कोरोइसाऊ टायगर्सकडे. हाताखालचे दोन प्रशिक्षकही गेले, सिराल्डो बुलडॉग्जकडे आणि दुसरा कोण? तुमचा वेबस्टरच! आमच्याच शाळेत शिकून गेला आणि मास्तरांना डावलून बक्षीस त्यालाच. तरीही पेनरिथ साखळीत पहिलं आणि शेवटी विजेतं.

एवढंच नाही. वॉरियर्स शेवटची ग्रँड फायनल खेळले २०११ मध्ये. तेव्हा त्यांचा कोच आयव्हनच होता आणि जॉन्सनला पदार्पण करायला दिलं तेही त्यानंच.

माउंटस्मार्टचा_मावळा

@हंटरकाठचा, बाद फेरीचा दाखला मतांसाठी नव्हता, खेळाडूचं वजन दाखवायला होता. पण घ्या, तो मागे घेतला तरी शेवटच्या फेरीचा मुद्दा उरतोच.

@पेनरिथकर, आयव्हन मोठा आहे, वादच नाही. पण प्रशिक्षकाला जोखायचं ते हातात काय आलं आणि त्याचं काय केलं यावरून. आयव्हनच्या हाती नेथन क्लिअरी, यिओ, एडवर्ड्स यांच्यासारखे मोठे खेळाडू. वेबस्टरच्या हाती आदल्या वर्षी रडतखडत १५ वा आलेला संघ. दोघांना एकच फूटपट्टी कशी लावणार?

ब्रिस्बेनची_मंजू

मावळेभाऊ, जॉन्सन आला आणि सगळं बदललं म्हणता, तर उपांत्य फेरीत तो होता ना? आमच्या सनकॉर्प मैदानावर ४२-१२. हरलात आमच्याकडून. त्या दिवशी त्याचं वजन कुठं गेलं होतं?

आता आमची तक्रार. चढण मोजायची तर नीट मोजा. वॉरियर्स १५ वरून ४, न्यूकॅसल १४ वरून ५, ब्रिस्बेन ९ वरून २. आकडा वॉरियर्सचा मोठा दिसतो, मान्य. पण तळातून मधल्या गर्दीत यायला जेवढा घाम लागतो त्याच्या दुप्पट नवव्या जागेवरून दुसऱ्या जागेवर यायला लागतो. आमचे आणि पेनरिथचे साखळीतले गुण सारखेच होते, फक्त गुणफरकानं ते पहिले. आमच्या कोचचं, केव्ही वॉल्टर्सचं, नाव कोणी घेत नाही, कारण तो ग्रँड फायनलमध्ये २४-८ वरून २४-२६ हरला. त्याचं दुःख मला सांगायला लावू नका. आमच्या एझ्रा मॅमनं तीन ट्राय मारल्या (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला) तेव्हा आमच्या घरी पेढ्याचा डबा उघडला होता.

दुसरी_फळी

तुम्ही सगळे हाफबॅक आणि फुलबॅकवर भांडताय, म्हणजे परीक्षकांसारखेच वागताय.

२००४ पासूनचे विजेते काढा. फुलबॅक, हाफबॅक, फाइव्ह-एट्थ, हूकर. संघाचा जो कणा म्हणतात त्यातलेच सगळे. अपवाद एक, २०१६ चा जेसन टॉमालोलो, आणि त्यालाही पदक कूपर क्रॉन्कबरोबर वाटून घ्यावं लागलं. पूर्वी असं नव्हतं, पुढच्या फळीतलेही जिंकायचे. १९८२ ला पॅरामॅटाचा लॉक रे प्राइस, १९८८ आणि १९८९ ला क्रोनुलाचा सेकंड-रोवर गॅव्हिन मिलर.

ब्रिस्बेनचा प्रॉप (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) पेन हास काय करतो ते एकदा चेंडूवरची नजर काढून फक्त त्याच्याकडे ठेवून बघा. प्रॉप साधारण अर्ध्या सामन्यानंतर बाकावर बसतो. हा गडी त्याच्या कितीतरी पुढे खेळत राहतो. पहिल्या टॅकलला तीन माणसं अंगावर घेऊन दहा मीटर पुढे, उठून चेंडू पायानं मागे, धावत परत बचावफळीत, पुन्हा टॅकल. त्यानं तिघांना गुंतवलं म्हणून चौथ्या टॅकलला फुलबॅक रीस वॉल्शला मोकळी जागा मिळते. ट्राय वॉल्शच्या नावावर, ३ मतं वॉल्शला. हासला काय, तर "मोसमाचा प्रॉप" अशी वेगळी पाटी.

मी शाळा-कॉलेजात कबड्डीत कोपरा सांभाळायचो. तिथं निदान पकडीचा गुण फळ्यावर लागतो. इथं टॅकलची संख्या आकडेवारीत छापतात आणि मतं देताना विसरतात.

खुर्चीतला_पंच

दुसरी_फळी यांच्याशी अर्धा सहमत. मतं देणारे माजी खेळाडू आणि समालोचक. सामना संपल्या संपल्या तीन नावं द्यायची असतात, मग डोळ्यांपुढे जे ठळक आहे तेच कागदावर उतरतं. पण हासचं दुखणं नुसतं तेवढंच नाही. ब्रिस्बेनमध्ये मतं वाटली जातात: वॉल्श, रेनल्ड्स, मॅम, कॅरिगन, हास. पेनरिथचंही तसंच. नेथन क्लिअरीकडे ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक दोनदा, २०२१ आणि २०२३. डॅली एम एकदाही नाही. ज्या संघात एकच माणूस सगळा गाडा ओढतो त्याला ही पद्धत झुकतं माप देते. न्यूकॅसल आणि वॉरियर्स हे दोन्ही तसलेच संघ, म्हणून अंतिम झुंज पोंगा आणि जॉन्सन यांच्यातच झाली. यात नवल काय?

आणि ५६ चा आकडा बघून हुरळू नका. दोन परीक्षक असल्यामुळे जुन्या हिशोबानं ते २८ होतात. २०२२ ला निको हाइन्सनं एकाच परीक्षकाच्या पद्धतीत ३८ घेतली होती. २०२१ ला टॉम ट्रबोयेविचनं फक्त १५ सामन्यांत ३५, म्हणजे ४५ पैकी ३५! त्या मानानं यंदाचा विजेता पातळ आहे. जॉन्सन जिंकला असता तरी हेच म्हणालो असतो.

आणखी एक गोष्ट कोणी बोललं नाही. ओरिजिन. जॉन्सन किवी, त्याचा स्टेट ऑफ ओरिजिनशी, म्हणजे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधल्या मालिकेशी, संबंध नाही. पोंगा यंदा क्वीन्सलँडकडून एकही सामना खेळला नाही. म्हणजे पहिल्या दोघांनीही वर्षाच्या मध्यावरची ती कत्तल टाळली. जे तिथं हाडं मोडून घेतात आणि त्यापायी क्लबचे सामने चुकवतात, त्यांची मतं आपोआप कमी पडतात.

हंटरकाठचा

"पातळ" कसा? २८ चा भागाकार करताना दोन परीक्षकांचं एकमत व्हावं लागतं हे विसरलात. एक म्हणतो पोंगा, दुसरा म्हणतो त्याचाच सहकारी हेस्टिंग्ज, तर पोंगाचं नुकसान. एकाच परीक्षकाच्या काळात एखादा पोंगाप्रेमी बसला की ३ नक्की. दोन ठेवले ते याचसाठी.

ओरिजिनबद्दल म्हणाल तर त्यानं क्लबला आधी ठेवलं. डोक्याला वारंवार मार बसलेल्या माणसानं वर्षातले सगळ्यात हिंसक सामने टाळले तर त्यात कमीपणा कसला?

जाता जाता: महिलांचं डॅली एमही न्यूकॅसलच्याच फुलबॅकला, टमिका अप्टनला. आणि तिचा संघ सलग दुसऱ्यांदा विजेता झाला, टायटन्सना २४-१८ हरवून. तिच्यावर या चर्चेत एक ओळ कोणी लिहिली नाही म्हणून मी लिहिली.

पेनरिथकर

मावळेभाऊ, "हातात काय आलं" म्हणालात ना, मग वेबस्टरच्या हाती खरंच काय आलं ते सांगतो. २०२० पासून करोनामुळे वॉरियर्स ऑस्ट्रेलियात अडकले होते. घरदार, बायकामुलं समुद्रापलीकडे. माउंट स्मार्टवर, म्हणजे घरच्या मैदानावर, परत खेळले ते थेट २०२२ च्या जुलैमध्ये. २०२३ हा घरचा पहिला पूर्ण मोसम. भरलेलं मैदान, प्रत्येक भिंतीवर "अप द वाझ" ही वॉरियर्सची घोषणा. त्या १५ व्या जागेत प्रवासाचा आणि हॉटेलांचा वाटा किती होता? त्या वर्षी कोणीही कोच असता तरी संघ वर आला असता. चौथा नसेल, सातवा तरी.

आणि या चढणीच्या बक्षिसाची पुढची कथाही ऐका. पेटननं काउबॉइजना १५ वरून ३ वर नेलं, २०२२ चं बक्षीस घेतलं, आणि यंदा काउबॉइज ११ वे. २०१८ ला सेबोल्डला साउथ्सबरोबर पहिल्याच वर्षी हा मान. तो ब्रिस्बेनला गेला आणि २०२० ला ब्रिस्बेन तळाला. मंजूताई साक्षीला आहेतच.

ब्रिस्बेनची_मंजू

मला त्या वर्षाची आठवण करून देणाऱ्याला पुढच्या दिवाळीत फराळ मिळणार नाही.

पण मुद्दा बरोबर आहे. एका वर्षाची उडी हा कोचचा गुण असतो, तसाच आदल्या कोचच्या दुर्दैवाचा परिणामही असतो.

दुसरी_फळी

पेनरिथकर, तुमचं म्हणणं उलटंही फिरवता येतं. चांगली पोरं घडवणारी व्यवस्था असली की जिंकणं सोपं. पेनरिथच्या पंचक्रोशीत रग्बी लीग खेळणारी इतकी पोरं आहेत की क्लबला बाहेर बघावंच लागत नाही. मग बक्षीस आयव्हनचं की त्या परिसरातल्या ज्युनिअर क्लबांचं?

पेनरिथकर

पोरं तेव्हाही होती जेव्हा आम्ही वर्षानुवर्षं तळात लोळायचो. त्यांना आमच्या भागातल्या माउंट ड्रुइटहून उचलून ग्रँड फायनलला न्यायचं कोणी, ज्युनिअर क्लबांनी?

माउंटस्मार्टचा_मावळा

हॉटेलात राहणं सोसलं तेच खेळाडू वेबस्टरकडे होते, नवे देव अवतरले नव्हते. आणि "कोणीही कोच असता तरी" हे वाक्य जॉन्सनबद्दल लागू करून बघा. त्याच जॉन्सनला २०२२ मध्ये लोक निवृत्त व्हायला सांगत होते. वेबस्टर आला, त्याच्यावरचं ओझं कमी केलं, कधी लाथ मारायची आणि कधी पास द्यायचा हे पुन्हा साधं करून दिलं. ५५ मतं जॉन्सनची, पण त्यातली निम्मी वेबस्टरच्या खात्यात टाकायला हरकत नाही.

पेटन आणि सेबोल्डची पुढची वर्षं काढून या वर्षाचं बक्षीस खोटं ठरत नाही. तसं असेल तर पोंगाचं पदकही पुढच्या मोसमापर्यंत कपाटात बंद ठेवा.

खुर्चीतला_पंच

मग सरळ दोन बक्षिसं करा. एक साखळी संपल्यावर, सध्यासारखं. दुसरं ग्रँड फायनलनंतर, फक्त प्रशिक्षकासाठी, १७ प्रशिक्षकांनीच एकमेकांना मत द्यायचं, स्वतःला सोडून. मेलबर्नचा कोच बेलामी, त्याचं मत कोणाला जातं हे मला बघायचंय.

पेनरिथकर

बेलामी आयव्हनला देईल. लिहून ठेवा.

हंटरकाठचा

बेलामी कोणालाच देणार नाही. कोरा कागद परत करेल आणि वर परीक्षकांना सुनावेल.