क्लायंटसमोर डिझाइन मांडताना हात थरथरतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी पुण्यात इंटिरियर डिझायनर आहे. साइटवर सुताराशी, फॅब्रिकेटरशी दिवसभर हुज्जत घालते, तिथे आवाज खणखणीत असतो. पण तेच ड्रॉइंग क्लायंटपुढे मांडायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. परवा लेझर पॉइंटर घेतला होता. दाखवायचा होता ओटा, पण लाल ठिपका थेट फ्रिजपर्यंत नाचत होता. घरातले आजोबा डिझाइन सोडून ठिपकाच बघत बसले!

त्याहून वाईट म्हणजे थ्रीडी व्ह्यू दाखवून झाल्यावरची शांतता. समोरच्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सुरू होते, "लॅमिनेट बदलता येईल हं, लॉफ्ट नको असेल तर काढून टाकू..." कोणी न मागता माझंच डिझाइन मी मोडीत काढते. आमचे सर म्हणतात, अनुभवाने जाईल. कधी, ते सांगत नाहीत.

पाठ करून पाहिलं. मध्येच कोणी "प्लाय ७१० आहे ना?" (म्हणजे पाण्याला टिकणारा ग्रेड) विचारलं की पुढचं सगळं साफ. एक मैत्रीण मीटिंगआधी प्रोप्रानोलोलची गोळी घेते म्हणे. मला दमा आहे. घेऊन बघू का?

गवाक्ष: गोळी अजिबात नको! ती बीटा ब्लॉकर आहे. धडधड कमी होते खरी, पण श्वासनलिका आकसू शकतात, म्हणून दमा असलेल्यांना ती देत नाहीत. औषधच हवं असेल तर डॉक्टरांकडे जा आणि दम्याचं आधी सांगा.

ओळंबा: गवाक्ष यांना +१.
पॉइंटर ड्रॉवरमध्ये टाका. ए३ प्रिंट काढा आणि पेन्सिल कागदावर टेकवून दाखवा. टेकलेला हात थरथरला तरी दिसत नाही. व्हिनियरचे तुकडे क्लायंटच्या हातात द्या, नजरा तुमच्यावरून हटतात.
पाठांतर बंद. सुरुवात त्यांच्याच बोलण्यापासून करा: "आईंना वाकता येत नाही म्हणालात, म्हणून रोजचे डबे कमरेच्या उंचीवर घेतलेत." हे पाठ करावं लागत नाही. हमखास येणाऱ्या प्रश्नांची चिठ्ठी जवळ ठेवा: सिंकखाली ७१०, वॉर्डरोबला ३०३ (नेहमीच्या वापराचा प्लाय), हार्डवेअर कुठलं, वॉरंटी किती.
आणि ती शांतता? व्ह्यू झाला की एकच प्रश्न टाका, "रोज वापरताना यात काय अडेल?" आणि पाण्याचा घोट घ्या. तोंडात पाणी असलं की लॉफ्ट काढता येत नाही. चेष्टा नाही, मी अजूनही हेच करतो.

धागाकर्ती: दोघांचे आभार. गोळी बाद. पाण्याचा प्रयोग शनिवारी वाकडच्या क्लायंटवर करते. फक्त एक शंका: तिथे नवरा-बायकोचंच आपापसात जुंपतं, त्याला पांढरं किचन हवंय आणि तिला अजिबात नको. तेव्हा मध्ये पडायचं, की पाणीच पीत राहायचं?