एकदा आई-बाबांना कातळापाशी न्याच

आपण कातळ चढायला (रॉक क्लाइंबिंगला) जातो हे आई-बाबांना सांगावं का, यावर ‘घरी सांगूच नये, उगाच घोर लागतो’ असं एकानं म्हटलंय. मी ४ वर्षं तेच केलं. ‘ट्रेकला चाललोय’ सांगून मुंब्र्याच्या कातळावर जायचो. एकदा आईला पिशवीत हार्नेस (चढताना कमरेला बांधायचा पट्टा) सापडला आणि बिंग फुटलं.

मग पुढच्या रविवारी दोघांना घेऊनच गेलो. टॉप रोप लावला होता, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून (पक्क्या आधारातून) खाली आलेला. हात सुटला तरी माणूस थोडासा खाली येऊन लटकतो. ते डोळ्यांनी पाहिल्यावर आईचा चेहरा जरा सैलावला. बाबांनी तर दोर हार्नेसला बांधायची आठची गाठ दुसऱ्याच खेपेला बरोबर मारली! आता मला बिले तेच देतात, म्हणजे खाली उभं राहून माझा दोर सांभाळतात. माझं वजन त्यांच्यापेक्षा १५ किलोनं जास्त, मी पडलो तर तेच वर उचलले जातील. म्हणून त्यांना खालच्या अँकरला बांधून ठेवतो. शिवाय एक अनुभवी मित्र दोराचं शेपूट, म्हणजे बाबांच्या हातातून पुढे सुटलेलं टोक, धरून शेजारी असतोच.

आई चढत नाही, पण हेल्मेटशिवाय कुणालाही कातळाखाली फिरकू देत नाही. उन्हाळ्यात मात्र नेऊ नका, तो काळा दगड तव्यासारखा तापतो.